दक्षिण बारा, पूर्व त्र्याण्णव

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून स्वयंपाकघरात जायचे. भीती वाटायची म्हणून नाही, कंटाळा यायचा. माहेरी अंगात येणाऱ्या बायका पाहिल्या, तिठ्यावर ठेवलेले उतारे पाहिले, पण मन कधी तिकडे वळलं नाही. देवापुढे रोज दिवा लावते, तेवढंच. म्हणून मीच असलं काही लिहायला बसले याचं मला नवल वाटतंय. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ अडते. लिहिताना मात्र कुणी तोंडाकडे बघत नाही, ते बरं असतं. हे तुम्हा वाचणाऱ्यांपर्यंत पोचेल की कपाटातच राहील, ते अजून ठरवलेलं नाही...

आम्ही आखातात, दोहा शहरात, अल हिलाल भागात राहतो, जुन्या विमानतळाच्या बाजूला. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मुलगा अमोल गॅस कंपनीत इंजिनियर आहे, सून रश्मी शाळेत शिकवते. आमचे हे मुंबईत विमानांच्या वर्कशॉपमध्ये होते. विमानातली घड्याळासारखी यंत्रं उघडायची, दुरुस्त करायची, पुन्हा बसवायची, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर आम्ही मुलाकडे आलो. पहिले काही महिने हे नुसते खिडकीत उभे राहून आकाशाकडे बघायचे. मग अमोलनं त्यांना कॉम्प्युटरवरचं विमान आणून दिलं.

खेळण्यातलं म्हणू नका. ह्यांना राग येतो. जुनं चार इंजिनांचं जंबो, हे तरुण होते तेव्हाचं. आताची विमानं वरच्या उपग्रहांना विचारतात, मी कुठे आहे म्हणून. ह्यांच्या जुन्या विमानात तसलं काही नाही. त्यात आहे एक यंत्र, आम्ही त्याला 'डबा' म्हणतो. निघण्याआधी डब्याला सांगायचं की आत्ता आपण अमुक ठिकाणी उभे आहोत. मग तो बाहेर कुठे बघत नाही. विमान किती पुढे ढकललं गेलं, किती वळलं, हे आतल्या आत जाणून घेतो आणि त्यावरून कुठे पोचलो ते काढतो. ऑटोपायलट त्याचं ऐकून विमान चालवतो.

डब्यात वाटेवरची ठिकाणं अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांनी भरायची. त्याला जागा नऊच. वाट लांबची असली तर आधी नऊ ठिकाणं भरायची, आणि जसजशी मागे पडतील तसतशी त्यांच्या जागी पुढची घालायची. कुणीतरी बसून हे करावंच लागतं. नाही केलं तर नवव्यानंतर डबा पुन्हा पहिल्याकडे वळतो आणि विमान आलं तसं परत फिरतं.

हे काम आमचं दोघांचं. वर्कशॉपची शिस्त होती म्हणे, की एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं दाबायचं. मी आकडे वाचायचे, हे बटणं दाबायचे, मग डब्यावर काय उमटलं ते हे वाचून दाखवायचे. मी "बरोबर" म्हटलं की शेवटचं बटण दाबायचं, त्यातला दिवा विझायचा. झालं. डब्यावर दिशांची वेगळी बटणं नाहीत. दोन म्हणजे उत्तर, सहा म्हणजे पूर्व, आठ म्हणजे दक्षिण. हे मला लवकर पाठ झालं. ह्यांना फार कौतुक. अमोलचे मित्र आले की सांगायचे, "चौथी पास नेव्हिगेटर. साऱ्या आखातात अशी एकच आहे." मी चहाच्या निमित्तानं आत जायचे.

ह्यांच्या मनात दोह्याहून ऑस्ट्रेलियाला पर्थपर्यंत जायचं होतं. जवळजवळ सगळी वाट समुद्रावरची, खाली खूण म्हणून काही नाही. मला वाचायला सोपं जावं म्हणून ह्यांनी मधली ठिकाणं गोल आकड्यांची धरली. आधी दोन-तीनदा निघालो, पण काहीतरी आडवं यायचं. एकदा कॉम्प्युटरच अडकला. एकदा हेच जेवून झोपले आणि विमान परत फिरलं. उठल्यावर माझ्यावर चिडले.

"अगं, उठवायचं नाही का?"

"घोरत होता. विमानापेक्षा मोठा आवाज होता."

असं करून करून ती वाट मला तोंडपाठ झाली.

त्या दिवशी कामाचा वार होता. अमोल, रश्मी दोघं बाहेर. सकाळी निघालो, ओमान मागे पडलं, समुद्र लागला. हे म्हणाले, "तिसरा पॉइंट गेला की पहिल्या जागी दहावा घालू. चहा टाक." मी चहा टाकला. परत आले तर हे खुर्चीत वाकून बसले होते. कपाळावर घाम, हात छातीवर. मी अमोलला फोन लावला. त्यानं अ‍ॅम्ब्युलन्स पाठवली, आणि मी असेल त्या साडीत त्यांच्याबरोबर बसून गेले. दाराला कुलूप लावलं. गॅस बंद केलेला आठवला. विमान आठवलंच नाही.

हॉस्पिटलात डॉक्टर अमोलशी इंग्रजीत बोलले. अमोलनं मला बाजूला घेतलं.

"आई, छाती उघडावी लागणार. लगेच."

"मग वाचतील ना?"

तो म्हणाला, "इन्शाल्ला म्हणाले डॉक्टर." देवाची इच्छा असेल तर, असा हा शब्द इथं दिवसातून शंभरदा कानावर पडतो. दुधवालाही म्हणतो. त्या दिवशी मला तो ऐकवेना.

बायकांच्या बसायच्या खोलीत एसी फार होता. रश्मी शाळेतून तशीच आली आणि माझ्याजवळ बसली. मला देवाचं काही म्हणावंसं वाटत होतं, पण लहानपणापासून येणारं एकही स्तोत्र ओठावर येईना. दोन शब्द व्हायचे आणि पुढचं पुसलं जायचं. मग कशी कोण जाणे, आमची वाट आठवली. हे नऊ ठिकाणं भरून थांबले होते. पुढची राहिली होती. मी हळूच दहावं वाचलं, जसं घरी वाचते तसं. दक्षिण सहा, पूर्व शहाऐंशी. मग थोडी थांबले, हे दाबतात तेवढा वेळ. मग मीच "बरोबर" म्हटलं. अंग जरा शांत झालं. अकरावं वाचलं. दक्षिण बारा, पूर्व त्र्याण्णव...

"आई, काय पुटपुटताय?" रश्मीनं विचारलं. "स्तोत्र म्हणताय का?"

मी "हो" म्हणाले. काय सांगणार होते?

"म्हणा, म्हणा. थांबू नका."

पण मी थांबले होते. कुठे होते ते सापडेना. अकरावं झालं होतं की व्हायचं होतं? सुटण्यापेक्षा दोनदा झालेलं बरं, म्हणून पुन्हा वाचलं. दक्षिण बारा, पूर्व त्र्याण्णव. बरोबर. मग दक्षिण अठरा, पूर्व शंभर. असं करत पर्थपर्यंत गेले. संपल्यावर हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मला कुठलाही साक्षात्कार झाला नाही, वारा आला नाही, काही नाही. रश्मीनं तिची शाल माझ्या अंगावर टाकली.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पार पडलं, पण शुद्धीवर आल्याशिवाय काही सांगता येणार नाही, आज तरी ते झोपेतच राहतील. अमोल म्हणाला, "चल, घरून कपडे घेऊ, तू अंघोळ कर, परत येऊ." रश्मी तिथंच थांबली.

कुलूप मीच उघडलं. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, अजान चालू होती. आतून इंजिनांचा तो बारीक घुमता आवाज येत होता. मी चपला काढता काढता म्हणाले, "अरे, ह्यांचं विमान राहिलं चालू."

अमोल म्हणाला, "कधीच परत फिरलं असेल. थांब, बंद करतो."

तो खुर्चीपाशी गेला आणि तसाच उभा राहिला. मी मागून बघितलं. डब्यावर आपण कुठे आहोत ते दिसतं. तिथं दक्षिण होतं. विमान परत फिरलं नव्हतं. नऊ जागा संपवून, विषुववृत्त ओलांडून, पार खाली दुसऱ्या फेरीतल्या चौथ्या जागेहून पाचवीकडे चाललं होतं.

"बाबांनी सकाळीच पुढचे पॉइंट भरून ठेवले असतील," अमोल म्हणाला.

"नाही रे. तिसराही गेला नव्हता. चौथा-पाचवा तर पुढेच होता. त्यांच्या जागी पुढचं काही भरलं असतं तर विमान तेव्हाच वाट सोडून गेलं असतं."

त्यानं मान हलवली. त्यालाही ते कळत होतं. मग तो एकेक जागा फिरवून बघायला लागला आणि मोठ्यानं वाचायला लागला. "पहिली. दक्षिण सहा, पूर्व शहाऐंशी. दुसरी. दक्षिण बारा, पूर्व त्र्याण्णव. तिसरी..." तो थांबला. "हे काय? तिसरीतही तेच आहे. दक्षिण बारा, पूर्व त्र्याण्णव. बाबा अशी चूक करणार नाहीत."

मी पुढे होऊन तो आकडा स्वतः वाचला.

"आई, घरात कुणी आलं होतं का?"

"किल्ल्या आपल्या तिघांकडेच. आपण तिघंही तिकडे होतो."

त्यानं कॉम्प्युटर तपासला, बाहेरून कुणी जोडलं होतं का तेही बघितलं. तसं काही नव्हतं. शेवटी म्हणाला, "सॉफ्टवेअरचा काहीतरी बग असेल." मग विमान हवेत होतं तिथंच थांबवून ठेवलं. मी त्याला हॉस्पिटलातलं काही सांगितलं नाही. त्याच्या डोक्यावर आधीच खूप होतं. आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटली. नवरा ऑपरेशनच्या टेबलावर असताना आई विमानाचे आकडे म्हणत बसली होती, असं कसं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी ह्यांच्या तोंडातली नळी काढली. एकेकालाच आत सोडत होते. अमोल म्हणाला, "तू जा." हे डोळे मिटून पडले होते, चेहरा पांढरा पडलेला. मी हात हातात घेतला. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. ओळखलं. मला तेवढ्यानंच भरून आलं.

मग त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला. आवाज अगदी घोगरा होता, पण चिडले की लागतो तो सूर मला बरोबर कळला.

"एकच पॉइंट... दोनदा का वाचलास?"

नर्स हसून म्हणाली, "दवाई का असर है, अम्मा. ऐसे ही कुछ भी बोलते हैं."

मी म्हणाले, "रश्मी मध्येच बोलली, म्हणून चुकलं."

"हं," हे म्हणाले. आणि पुन्हा डोळे मिटले.

आता हे घरी आहेत. सकाळी जिन्यापर्यंत चालतात, मीठ कमी आहे म्हणून कुरकुर करतात. तसं बोलल्याचं त्यांना आठवत नाही. मी एकदा आडून विचारलं, "भुलीत काही दिसलं का?" तर म्हणाले, "काही नाही, गाढ झोप." अमोल अजून बग म्हणतो. असेलही. यंत्राचं मला काय कळतं? पण बगला माझी चूक कशी कळली, आणि ह्यांना ती कुणी सांगितली, हे मी फार वेळा मनात घोळवलं. मी दोनदा वाचलं, हे रश्मीलासुद्धा माहीत नव्हतं. ती तर स्तोत्रच समजत होती.

मी अजून भुताखेतांच्या गोष्टी ऐकत नाही. फक्त एक सवय बदलली. ह्यांच्याशेजारी बसून आकडे वाचताना कुणी हाक मारली तर मी आता बोलत नाही. हातानं 'थांब' म्हणून खूण करते, आणि हे "बरोबर" ऐकून बटण दाबेपर्यंत त्यांच्याकडेच बघत राहते.