मंगला बांधावर उभी

आमची टीम चार वर्षं टिकली, आणि त्या चार वर्षांवर आम्ही गेली तीस वर्षं हसतोय. कुणाच्या मुलीचं लग्न असो, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन असो, जुन्या दोघी-तिघी भेटल्या की झालं सुरू. परवा जळगावला एका साखरपुड्यात आम्ही कोपऱ्यात इतक्या खिदळलो की मुलाकडच्यांनी विचारलं, "या कोण?" मुलीची आई, म्हणजे आमची सेंटर फॉरवर्ड शोभा, शांतपणे म्हणाली, "आमचं भजनी मंडळ."

तर ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला कॉलेजात मुलींची फुटबॉल टीम निघाली. कोच होते नाना सर. ते मूळचे कबड्डीचे. पहिल्या दिवशी आम्हाला रांगेत उभं करून ते म्हणाले, "पोरींनो, या खेळात श्वास घेता येतो. हा मोठा फायदा आहे."

*

जर्सी आम्हाला चाळीसगावच्या एका कापडवाल्या शेठजींनी दिल्या. अट एकच, पाठीवर दुकानाचं नाव हवं. नाव होतं हे एवढं लांब. पेंटरने बराच वेळ डोकं खाजवलं आणि दुकानाच्या पाटीवरची शेवटची, सगळ्यात छोटी ओळ उचलली. अकराही जणींच्या पाठीवर ठळक अक्षरांत आलं, 'एकच भाव'. नंबरांना जागाच उरली नाही.

धुळ्याच्या मॅचमध्ये शोभाने कुणाला तरी आडवं केलं. रेफरीने वही काढली आणि तिला पाठ फिरवायला सांगितली. वाचलं. मग त्याने बाकीच्या दहा जणींच्या पाठी बघितल्या आणि वैतागून विचारलं, "मी लिहू काय? कुठली मुलगी म्हणून लिहू?"

शोभा म्हणाली, "कुठलीही लिहा सर. भाव एकच आहे."

*

ऑफसाइड काही केल्या आमच्या डोक्यात शिरत नव्हतं. शेवटी नाना सरांनी विचारलं, "वऱ्हाड यायच्या आधी नवरदेव एकटाच मांडवात जाऊन बसला तर बरं दिसेल का?"

"नाही सर."

"मग बॉल यायच्या आधी गोलापाशी जाऊन बसायचं नाही. बॉल म्हणजे वऱ्हाड."

आम्हाला लख्ख कळलं. पुढच्याच मॅचला बाहेरगावच्या रेफरीने शोभाला ऑफसाइड दिलं, तशी ती त्याच्या अंगावर धावून गेली. "सर, वऱ्हाड माझ्या आधी पोचलं होतं. सगळ्यांनी बघितलंय."

तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "लग्नाला मॅच संपल्यावर जा बाई. आधी खेळा."

*

आता मंगलाचं सांगते, कारण इंडियाला खेळलेली आमच्यातली ती एकटीच. मंगला शिंदखेड्याकडची, कापूसवाल्या शेतकऱ्याची मुलगी. होस्टेलवर माझ्याच खोलीत राहायची. तिचे वडील, आबा, टीममध्ये नाव घातल्याचं कळताच सरळ नाना सरांच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. पोरगी खेळेल, पण फुल पँटमध्ये, नाहीतर बॅग भरा.

नाना सरांनी विचार केला. आम्ही सगळ्या हाफ पँटमध्ये आणि ही एकटीच फुल पँटमध्ये पळणार, ते काही बरं दिसेना. मात्र गोलकीपरला फुल पँट चालते, हे त्यांनी कुठल्याशा फोटोत पाहिलं होतं. अशी आमची गोलकीपर आबांनीच निवडली, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

आठवडाभरात कळलं की हिच्या हातातून काही सुटत नाही. एकदा मेसमध्ये ताटं धुताना ती मला म्हणाली, "कुसुम, मला इंडियाची जर्सी घालायचीय. नंबर असलेली."

मी हसले. ती हसली नाही.

*

मग एकदा आबा मॅच बघायला आले. आम्ही त्या दिवशी सात गोल मारले. मंगलाकडे बॉल गेलाच नाही म्हटलं तरी चालेल. आम्ही नाचत बाहेर आलो, तर आबा मान खाली घालून नाना सरांसमोर उभे.

"सर, बठ्ठ्या पोरी पयतस, घाम गायतस," ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "नि मनी पोर नुसती बांधवर उभी शे."

बाकीच्या पळतायत, घाम गाळतायत आणि माझी पोर नुसती बांधावर उभी, हे त्यांचंही बरोबर होतं. निंदणीला अकरा बाया लावल्या, दहा जणी ओळीने वाकून तण काढतायत आणि अकरावी बांधावर हात लोंबकळत उभी आहे, तर कुठला शेतकरी ऐकून घेईल? आणि ती आपलीच मुलगी निघाली तर लाजेने तोंड कुठे लपवायचं? नाना सरांनी गोलकीपर म्हणजे काय ते समजावलं. आबा सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे उभंच ऱ्हावानं ना?"

शेवटी एवढंच ठरलं की आबा आणखी एक मॅच बघतील. त्यातही पोरगी उभीच दिसली तर थेट घरी, स्थळं आलेलीच होती. आणि ती पुढची मॅच म्हणजे जिथे राज्याच्या टीमची निवड करणारे साहेब येणार होते, तीच. मंगला त्या संध्याकाळी जेवली नाही.

*

तोडगा शोभाने काढला. "बॉल मंगलाकडे जायला पाहिजे ना? मग आपण बाजूला व्हायचं."

"आपण म्हणजे कोण?" मी विचारलं.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. स्टॉपर बॅक मीच होते. गोलाच्या पुढ्यात उभं राहून समोरच्यांना अडवायचं, हेच माझं काम. त्या निवडीसाठी वर्षभर मी पहाटे उठून धावले होते. रावेरहून आमच्या घरच्या केळ्यांचे घड यायचे, ते खाऊन खाऊन मला केळ्याचा वासही नको झाला होता.

पण मंगलाचं तोंड बघवत नव्हतं.

मॅचच्या दिवशी समोरच्या मुली बॉल घेऊन आल्या की मी खाली बसून बुटाची लेस बांधायची. पुन्हा आल्या की दुसऱ्या बुटाची. हाफ टाइमला रेफरी मला म्हणाला, "बाई, लेस तरी नवी घ्या." आणि मागे मंगला नुसती उडत होती. डावीकडे, उजवीकडे, एकदा तर एका मुलीच्या पायातूनच बॉल काढून घेतला. एकही गोल झाला नाही. आबा गोलाच्या मागे टोपी हातात घेऊन उभे होते. मॅच संपल्यावर ते फक्त म्हणाले, "आज पोरनी काम करं."

साहेबांनी मंगलाला तिथल्या तिथे निवडलं. मग नाना सरांना विचारलं, "त्या उंच मुलीला बूट घालायची सवय नाही का?"

मला हसू आलं. मग होस्टेलवर जाऊन मी खूप रडले, खोटं कशाला सांगू. मंगला शेजारी बसून होती. माझ्या बुटांच्या लेस तेवढ्या तिने सोडून दिल्या.

*

पुढे मंगलाला खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली. काम म्हणजे सकाळ-संध्याकाळ गोलात सराव, बाकी हजेरीची सही. ती सांगायला घरी गेली तर आबा चक्रावले. "उभं ऱ्हावाना पगार देतस?"

तेव्हापासून त्यांच्या शेतात कुणी बांधावर रेंगाळला की आबा विचारायचे, "तुले सरकार पगार देस का?"

*

आणि मग ती इंडियाकडून खेळली. मॅच कलकत्त्याला होती. आबांना एकट्याने जायचं नव्हतं, म्हणून जळगावहून मी त्यांच्यासोबत गेले. रेल्वेच्या डब्यात सोबत पिशवीभर रावेरची केळी, आणि आबा वाटभर प्रत्येकाला सांगत होते की पोरगी सरकारी कामाला गेली आहे.

मंगलाच्या पाठीवर एक नंबर होता. तो बघितला आणि मला समोरचं काही दिसेना.

आपला एक गोल झाला होता आणि थोडीच मिनिटं उरली होती. पाहुण्यांच्या मुली चवताळून येत होत्या. पण आपली स्टॉपर बॅक पहाडासारखी. एक बॉल पुढे जाऊ देईना. सगळं स्टेडियम तिच्यासाठी टाळ्या वाजवतंय, आणि माझ्या शेजारी आबांची चुळबुळ चाललेली. शेवटी ते उभेच राहिले आणि ओरडले, "बाजूले व्हा! मनी पोरले काम करू द्या!"

पुढच्या रांगेतल्या बंगाली मुलांना वाटलं ही आमच्याकडची घोषणा असावी. त्यांनी ती उचलली. बघता बघता सगळा स्टँड एका सुरात ओरडायला लागला, "बाजूले व्हा! बाजूले व्हा!"

कुणीही बाजूला झालं नाही. शिट्टी झाली, इंडिया जिंकली. मंगलाच्या जर्सीला मातीचा डागही नव्हता.

आबा खाली बसले. त्यांनी पिशवीतून एक केळं काढलं, सोललं आणि माझ्या हातात दिलं. मग मैदानातल्या त्या स्टॉपर बॅककडे बराच वेळ बघून म्हणाले, "तिनापेक्षा तू बरी व्हती, पोरी. बाजूले व्हई जाये."