काका मागे वळत नाही

आमच्या काकाबद्दल एक अफवा आहे, आणि ती आमच्या फुटबॉल संघाच्या निम्म्या चाहत्यांना तोंडपाठ आहे. बाहेरगावच्या एका सामन्यात काकानं म्हणे सहज मागं वळून पाहिलं, तर स्टँडच्या सगळ्यात वरच्या पायरीवर त्याचा मेलेला भाऊ उभा! तोंड उघडं, पण आवाज नाही. तेव्हापासून काका खाली तारेच्या कुंपणाला चिकटून उभा राहतो आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत मान मागं वळवत नाही.

ही अफवा मला चाहता मंडळाच्या अध्यक्षांच्या आवाजात फार झकास सांगता येते. दोन्ही हात पोटावर ठेवायचे आणि म्हणायचं, "हे बघा मंडळी, मी असल्या गोष्टी मानत नाही. मुळीच नाही. पण असतं ते असतं!"

आता खरं काय ते. मेलेला भाऊ म्हणजे माझे बाबा. आणि काकानं काहीही पाहिलेलं नाही, कारण तो कधी वळलेलाच नाही. का वळत नाही, हे मात्र मोसमाचा शेवटचा सामना होऊन गेला तेव्हा मला कळलं.

काका गाड्यांच्या सीटा शिवतो. दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला रेक्झिनच्या गुंडाळ्या, दुसरीला फोमच्या लाद्या, मधे ते जड मशीन, आणि चिकटवायच्या सोल्युशनचा वास, जो आमच्या घरच्या टॉवेलांनासुद्धा येतो. बाबा कापायचे, काका शिवायचा. आता दोन्ही काकाच करतो. सांगाड्यावर कापड ठोकताना तो बारीक खिळे ओठांत धरतो, त्यामुळे प, ब, म ही अक्षरं त्याच्याकडे दिवसभर नसतात. त्यांना ओठ लागतात, आणि ओठ तर खिळ्यांना दिलेले. "दाजूला हो" म्हणजे बाजूला हो. ही नक्कल मला पाळण्यापासून येते. ऐकलेलं तसंच्या तसं वाजवते म्हणून काका मला 'टेप' म्हणतो.

आमच्या चाहत्यांची एक रीत होती. सामना बाहेरगावी असला, आपण मूठभर आणि समोर परकं मैदान भरलेलं, की बाबा वरच्या पायरीवरून हाक द्यायचे: "आहात काऽऽऽ?" त्यावर खालून, कुंपणापासून, आधी एकट्या काकानं उत्तर द्यायचं: "आहोऽऽऽत!" मग सगळ्या स्टँडनं. काकाच्या आधी कुणी तोंड उघडायचं नाही, हा नियम. बाबांचा आवाज घोगरा होता, सोल्युशननं आणि ओरडण्यानं खरवडलेला. ते काकाला दिसायचे नाहीत आणि काका त्यांना फक्त पाठमोरा दिसायचा. भाऊ भाऊ पण सामना असा बघायचे.

बाबा गेले आणि हाक बंद झाली. अध्यक्षांनी एकदा भोंगा हातात घेऊन स्वतः दिली होती. खालून काका गप्प. नियम तो नियम, सगळं स्टँड गप्प. अध्यक्ष भोंग्याकडे असं बघत राहिले, जणू तो बिघडलाय.

तर शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी काका दुकानाचं शटर ओढता ओढता आईला म्हणाला, "वहिनी, उद्याचा शेवटचा. पुढच्या मोसमापासून मी जाणार नाही."

"का हो, भाऊजी?"

"उगाच कुंपण धरून उभा राहतो. कुंपण काय पडतंय थोडंच?"

घरी आल्यावर आई कणीक मळता मळता मला म्हणाली, "दुकानातून घरी आणि घरातून दुकानात. हे सामनेही सुटले तर तो माणूस एक दिवस मशीनखाली स्वतःलाच शिवून घेईल. तुझं ऐकतो तो. बघ काहीतरी."

सकाळी बस निघाली. बसच्या सीटा काकानंच शिवलेल्या, त्यामुळे कुणी पाय वर घेतला की तो पुढून न बघता ओरडतो. अध्यक्ष मधोमध उभे राहिले. "मंडळी, आज बरोबरी पुरे. हरलो तर लीगच्या खालच्या वर्गात. विषय संपला!"

मी सीटमागं लपून त्यांच्याच आवाजात म्हटलं, "आणि मंडळी, परतीचा नाश्ता माझ्याकडून!"

बसनं टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष गोंधळले. "हे मी बोललो का?"

"बोललात, बोललात! आता मागं हटायचं नाही!"

काका हसला, पण खिडकीकडे तोंड करून. मग हळूच म्हणाला, "सगळ्यांचा आवाज काढतेस, टेप. दादाचा नाही कधी काढलास."

खरं म्हणजे मी काढून पाहिला होता. न्हाणीघरात, नळ मोठा सोडून, कितीदा तरी. माझ्या गळ्यातून ड्रायव्हर निघतो, मुख्याध्यापिका निघतात, शेजारचं आजारी कुत्रं निघतं. बाबा निघत नाहीत. जे निघतं ते इतकं स्वच्छ असतं, जणू बाबा वक्तृत्व स्पर्धेत उभे आहेत.

पण माझी जीभ डोक्याला विचारून थोडीच चालते? म्हटलं, "आज काढीन. वरच्या पायरीवरून. आणि तू मागं वळून बघशील."

"नाही वळणार."

"पैज?"

"लाव की."

"तू वळलास तर पुढच्या मोसमात एकूण एक सामन्याला यायचं."

"आणि नाही वळलो तर?"

"तू सांगशील ते."

"मग सांगीन सावकाश," काका म्हणाला आणि त्यानं हात पुढं केला. सुयांनी टोचून टोचून त्याची बोटं खरबरीत झालीत. हातात हात दिला की किसणीला हात दिल्यासारखं वाटतं.

पाहुण्यांचं स्टँड म्हणजे गोलच्या मागं पोपडे निघालेल्या सिमेंटच्या पायऱ्या. पलीकडून त्यांची पोरं जाळीला लटकून ओरडत होती, "काय हो, परत जाताना तळघरात उतरणार ना?"

"उतरू की! वर तुमच्या पायांचा वास येतो!" आमच्यातलं कुणीतरी म्हणालं.

काका खाली गेला, कुंपणाच्या तारेत बोटं अडकवली आणि उभा राहिला. मी वर चढले. शेवटच्या पायरीमागं नुसती भिंत होती आणि तिच्यावर ऊन. बाबा असायचे तेव्हा इथं मला कधी येऊ दिलं नव्हतं. "टाळकं फुटेल," म्हणायचे. त्या पायरीवर मी एकटीच होते, तरी उभी राहिले ती जरा कडेला, कुणाला तरी जागा सोडून. का, ते विचारू नका.

खेळ आमचा असा, की विचारायची सोय नाही. त्यांनी गोल केला तेव्हा आमचा गोलकीपर बुटाची नाडी बांधून नुकता उठत होता. मी पंचांना त्यांच्याच आवाजात झापलं, लाइनमनला अध्यक्षांच्या आवाजात, आमच्या बचावपटूंना आईच्या आवाजात. ओरडून ओरडून घशात वाळू भरल्यासारखं झालं. आणि शेवटी ती वेळ आली, जेव्हा ओरडायलाही काही उरत नाही. आमचं स्टँड गप्प. समोरचं सगळं मैदान टाळ्यांच्या तालावर "खाली! खाली!" म्हणत होतं. अध्यक्ष चष्मा पुसत होते. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

मी तोंडाभोवती हात धरले. बाबांचा आवाज कसा लावायचा, हनुवटी कुठं, श्वास कुठं, हे सगळं ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काही झालं नाही. फाटलेल्या घशातून जे आलं ते येऊ दिलं.

"आहात काऽऽऽ?"

'का'वर तो चिरला. बाबांचा जिथं चिरायचा, तिथंच.

तो माझा आवाज नव्हता आणि मी काढलाही नव्हता. अंगावर काटा आला तो आधी माझ्याच. माझ्या खालच्या ओळीतली सगळी माणसं गर्रकन वळली. अध्यक्षही वळले, आणि त्यांचे हात पोटाकडे गेलेच नाहीत, चष्म्यासकट हवेत राहिले.

काकाची पाठ ताठ झाली. तारेतली बोटं आवळली गेली. मानेची शीर इथून दिसत होती.

आणि तेव्हा मला दिसलं. डावा खांदा उतरलेला, मान किंचित पुढं, शर्ट कॉलरपाशी मागं सरकलेला. काकाचं हे मशीनवर वाकून होतं असं मला वाटायचं. पण मशीन शिवणाऱ्याचं, आणि बाबा तर कापायचे. तरी ते अस्सेच उभे राहायचे. कुंपणापाशी माझे बाबा उभे होते. पाठमोरे, जिवंत, तारेत बोटं अडकवून. तो वळला की काका होणार होता.

वळशील अशी पैज मी लावली होती. आता मी संघाच्या मफलरचं टोक दातांत धरून मनात एकच घोकत होते: वळू नकोस. वळू नकोस रे.

मान हलली. थोडीशी. थांबली.

मग मैदानाकडे बघत, आम्हां सगळ्यांकडे पाठ करून, तो एकटाच ओरडला, "आहोऽऽऽत!"

आणि मग स्टँड फुटलं. मी पुन्हा हाक दिली, त्यानं पुन्हा उत्तर दिलं, शिट्टी वाजेपर्यंत. गोल झाला नाही. आम्ही खालच्या वर्गात गेलो ते गेलोच. शिट्टीनंतर तो वळला तेव्हा काकाच होता, नाक पुसणारा. मी खाली बुटांकडे बघत उतरले.

परतताना बसमध्ये मला शब्द फुटत नव्हता. अध्यक्षांनी खोकल्याची गोळी हातावर ठेवली, आणि नाश्ता खरंच त्यांनीच दिला.

आवाज परत यायच्या आतच मी दुकानात गेले. काका एक जीर्ण सीट उसवून बसला होता, ओठांत खिळे.

"काका," मी कुजबुजले, "तुला आवाज ओळखू आला नाही का?"

त्यानं मान हलवली. आला होता.

"मग वळला का नाहीस?"

त्यानं ओठांतले खिळे एकेक करून काढले आणि डबीच्या झाकणात ठेवले. माझ्याशी बोलायला तो कधी खिळे काढत नाही.

"वळलो असतो तर तू दिसली असतीस."

"मग? एवढी काय वाईट दिसते मी?"

"गप गं." त्यानं फोमवरची धूळ झटकली. "न वळता उभं राहिलं की तो असतो, टेप. म्हणून तर."

मला वरून काय दिसलं, ते मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं तर तो ताठ उभा राहायला लागेल.

"पैज हरलीस," तो म्हणाला. "आता ऐक. खालचा वर्ग तर खालचा वर्ग. पुढच्या मोसमात वरची पायरी तुझी. एकूण एक सामना."

"आणि तू?"

"कुंपण कोण धरणार मग?" त्यानं खिळे परत ओठांत घातले. "आणि दाजूला हो, उजेड अडतोय."