काळ्या वाळवंटाच्या रस्त्याची पाहणी

भाड्याची गाडी आमच्या ताब्यात येण्याआधीच मी तिच्या एका चाकातली हवा काढली. बायको आत काउंटरवर सह्या करत होती, मुलगी बंदराच्या कठड्यावर बसून मोबाइलमध्ये बुडाली होती आणि मी बाहेर मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसून घराच्या किल्लीने व्हॉल्व्ह दाबत होतो. वाळूत जायचं तर टायर मऊ हवेत, हे मी आठवडाभर व्हिडिओ बघून शिकलो होतो. किती मऊ, हे त्या व्हिडिओत एका यंत्रावर मोजून दाखवलं होतं. माझ्याकडे यंत्र नव्हतं. अंदाजाने काढली, आणि अंदाज जरा सढळ निघाला.

तेवढ्यात बायको किल्ली नाचवत बाहेर आली. ती सरळ गाडीत बसली असती तर वेळ मारून नेता आली असती. पण तिने गाडीला प्रदक्षिणा सुरू केली. पुढून, उजवीकडून, मागून. मागे येऊन ती वाकली, गाडीखाली पाहिलं, आणि तिथेच थांबली.

"अरे, ह्या चाकात हवा कशी नाही?"

"आहे की. थोडी कमी केलीय."

"कुणी?"

व्हॉल्व्हचं टोपण माझ्या हातातच होतं.

गाडीवाले गृहस्थ साठीचे असतील. ते धावत आले, चाक पाहिलं, आणि चूक त्यांचीच असल्यासारखे कमरेत वाकून माफी मागू लागले. बायकोने त्यांना थांबवलं आणि जपानीत सांगितलं, की चूक तुमची नाही, आमच्या शुजिननी हवा काढलीय. शुजिन म्हणजे नवरा, आणि शब्दशः धनी, मालक. तो शब्द तिने ज्या सुरात उच्चारला, त्या सुरात मालकीचं काही उरलं नव्हतं. गृहस्थांनी मला आणखी एक नमस्कार केला आणि मुकाट्याने पंप आणायला गेले.

मुलगी एव्हाना गाडीपाशी आली होती. काउंटरवर मिळालेला बेटाचा नकाशा तिने उघडला होता. इथेच वाढलेली असल्यामुळे ती कांजी, म्हणजे इथली चित्राक्षरं, अशी वाचते जशी मी मिसळीच्या दुकानातली पाटी वाचतो. ती म्हणाली, "बाबा, वाळवंटात गाडी नेताच येत नाही. इथे लिहिलंय. गाडी खाली ठेवायची आणि चालत जायचं."

म्हणजे आठवडाभर मी ज्या वाळूत गाडी चालवायचा अभ्यास करत होतो, त्या वाळूत गाडी न्यायलाच बंदी होती.

आता हे वाळवंट कुठलं, ते सांगतो. टोकियोच्या दक्षिणेला, वेगवान बोटीने दोन तासांच्या आत, ओशिमा नावाचं बेट आहे. सरकारी हिशेबात ते टोकियोच, गाड्यांच्या नंबरपाट्यासुद्धा शहरातल्याच. मधोमध ज्वालामुखी, आणि त्याच्या पूर्वेच्या उतारावर काळ्या राखेचं आणि खड्यांचं मोकळं रान. जपानच्या नकाशावर वाळवंट हा शब्द छापलेली ही एकच जागा, असं म्हणतात. पश्चिमेला बंदर, गाव, दुकानं. पूर्वेला समुद्राच्या कडेकडेने जाणारा वळणावळणाचा रस्ता, ज्यावर वस्ती नाही, दुकान नाही, विचारायला माणूस नाही. त्याच रस्त्यावरून मधेच एक अरुंद, अर्धीकच्ची वाट वर वाळवंटाकडे चढते.

हा बेत बायकोचा होता. त्यात गाडी तिने चालवायची होती, आणि ह्यालाच सगळं महत्त्व होतं.

पुण्यात ती कर्वे रस्त्यावरून ऐन संध्याकाळी गाडी काढून भाजी, पोळीवालीची पोरं आणि माझी आई, अशा सगळ्यांना घेऊन घरी येत असे. इथे आलो, टोकियोच्या कोतो भागात फ्लॅट घेतला, आणि तिचं चालवणं सायकलवर आलं. मी तर इथे ट्रेनशिवाय कशातच बसलो नाही, माझा पुण्याचा परवाना कधी संपला ते मलाच आठवत नाही. तिने मात्र आपला परवाना जपानी करून घ्यायचं ठरवलं. त्यासाठी परीक्षकाला शेजारी बसवून एका बंद मैदानात गाडी चालवून दाखवावी लागते. गाडी डावीकडूनच चालवायची, पुण्यासारखीच. बायको हसत गेली आणि नापास होऊन आली.

पुन्हा गेली. पुन्हा नापास. इथे नुसतं पाहून भागत नाही, पाहताय हे दिसावं लागतं. बसण्याआधी गाडीभोवती फिरा, खाली वाका, आरशात बघा, मान खांद्यापर्यंत वळवून मागे बघा. "मी पाहिलं होतं रे," ती घरी येऊन म्हणायची, "पण पाहिलेलं त्याला दिसलं नाही म्हणे." तिने बाथरूमच्या आरशासमोर मान वळवायचा सराव केला. किती वेळा नापास झाली ते मी इथे लिहिणार नाही, कारण हे ती वाचणार आहे.

एकदा ती पुण्याला बहिणीशी फोनवर बोलताना मी ऐकलं. "खरं सांग, मला चालवता येत होती का गं? का रस्त्यावरचेच सगळे मला चुकवून जात होते?" हे ती गमतीत म्हणत नव्हती.

शेवटी गेल्या महिन्यात ती पास झाली. परवाना हातात आला त्या दिवशी तिने जाहीर केलं, की पहिला लांबचा रस्ता समुद्राच्या कडेचा असेल आणि सबंध मी चालवीन. आणि मग भांडी पुसता पुसता हळूच म्हणाली, "आणि अर्ध्यातून परत फिरावं लागलं ना, तर हे कार्ड सरळ कपाटात ठेवून देईन. पुरे झालं."

अशा वेळी समंजस नवरा काय करेल? गप्प बसेल. मी रस्त्याची माहिती काढायला घेतली.

माझा धंदाच मुळी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा आहे. एखादी गोष्ट नीट चालतेय असं म्हणणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. दोन आठवड्यांपूर्वी वादळ होऊन गेलं होतं, म्हणून मी बेटाच्या कचेरीत फोन केला. पलीकडच्या बाईंनी अतिशय अदबीने सांगितलं, की रस्ता आहे. कसा आहे, असं विचारल्यावर त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, की आपण सावकाश यावं. मग मी उपग्रहाची चित्रं पाहिली. टोकियोतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर विचारलं. तिथे बेटावर गेलेलं कुणीच नव्हतं, पण सल्ले सर्वांकडे होते. एकजण लग्नानंतर जैसलमेरला गेला होता, त्याने दोन स्टेपन्या आणि फावडं न्यायला सांगितलं. योकोहामाच्या एका काकूंनी लिहिलं, की वाळूत अडकल्यास चाकाखाली सतरंजी घालावी. हवा कमी करायचा व्हिडिओ पण तिथेच मिळाला.

हे सगळं मी रोज जेवताना बायकोला वाचून दाखवत होतो. आधी ती हसली. मग नुसतं "हं" म्हणू लागली. निघायच्या आदल्या दिवशी दशम्या लाटता लाटता तिने विचारलं, "खूपच खराब आहे का रे तो वरचा रस्ता?" तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. मी म्हणालो, "सांगता येत नाही. सतरंजी घेऊया."

तर हवा भरून झाली, सतरंजी डिकीत गेली, आणि आम्ही निघालो. ऑक्टोबरची स्वच्छ सकाळ, खिडकीतून खारा वारा. गाव संपलं, झाडी दाटली, आणि मधूनमधून झाडांच्या फटींतून खाली निळाशार समुद्र दिसू लागला. बायको छान चालवत होती. मी शेजारी बसून काम करत होतो.

"पुढे वळण आहे."

"दिसतंय."

"डावीकडे दगड पडलाय."

"दिसतोय."

"खड्डा, खड्डा!"

"ती सावली आहे, अरे."

मागून मुलगी म्हणाली, "बाबा, उरुसाइ." म्हणजे कटकट बंद कर. बापाला म्हणायच्या मानाने हे जरा जास्तच मोकळं आहे, पण बायको तिला काही बोलली नाही. उलट आरशात बघून हसली.

वर चढणाऱ्या वाटेच्या तोंडाशी तिने गाडी थांबवली. डांबर थोडंसं वर जाऊन संपत होतं, आणि पुढे काळी माती, पाण्याने पडलेले चर, दोन्ही बाजूंनी गवताचे पांढरे तुरे. एकाच गाडीपुरती रुंदी. बायको दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून पाहत राहिली. गाणं म्हणत होती ते थांबलं होतं.

"काय म्हणतोस?" तिने विचारलं. "जाऊ, की नको?"

मी 'जा' म्हणायला हवं होतं. एक अक्षर. मी म्हणालो, "थांब, मी आधी पाहून येतो."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. इंजिन बंद केलं.

मी छत्री घेऊन उतरलो. छत्री चराची खोली मोजायला. थोडं वर गेलो, टोक खुपसलं, मान हलवली, आणखी वर गेलो. मागे वळून पाहिलं तर गाडी पुन्हा सुरू झाली होती आणि हळूहळू माझ्यामागून चढत होती. नवरदेवाच्या घोड्यापुढे एखादा मामा वाट मोकळी करत चालतो, तसा मी त्या गाडीपुढे चालत होतो. डांबर संपून आम्ही चरांमध्ये शिरलो आणि वरच्या वळणावरून एक पांढरा छोटा ट्रक खाली आला.

रस्ता एका गाडीचा. खाली आमची, वर त्याची, आणि मधे छत्रीसकट मी.

मी दोन्ही हात वर केले. "मागे घे! नको, थांब! नाही, मागे! डावीकडे चर आहे! थांब!" ट्रकवाला काच खाली करून कौतुकाने बघत होता. मुलगी मागच्या सीटवर आडवी झाली होती, बहुतेक लाजेने.

बायकोने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने मधला आरसा पाहिला. उजवा पाहिला, डावा पाहिला. मग मान पार उजव्या खांद्यापर्यंत वळवली, मग डाव्या. ज्या मान वळवण्यापायी ती इतकी रडली होती, तीच मान, तशीच, शेजारी परीक्षक बसल्यासारखी. आणि चर दोन चाकांच्या मधे ठेवून, गवताला न घासता, तिने गाडी मागे मागे नेली. जरा खाली वळणावर रस्ता थोडा फुगलेला होता, मी त्याची नोंदही घेतली नव्हती. तिथे तिने ती कडेला अलगद टेकवली.

ट्रक खाली गेला. जाताना त्याने हात वर केला आणि हॉर्नचा एक छोटासा आवाज दिला, इथले लोक आभार मानायला देतात तसा. तिनेही मान झुकवली.

मग गाडी पुन्हा वर आली. मी अजून रस्त्याच्या मधोमध उभा होतो, पुढच्या चरात छत्री खुपसून. मागून हॉर्न वाजला. आभाराचा नव्हे, कर्वे रस्त्यावरचा. मी उडी मारून गवतात गेलो. ती मला ओलांडून, चर चुकवत, सरळ वर निघाली. थोडं पुढे जाऊन थांबली तेव्हा मुलीने दार उघडून विचारलं, "बाबा, बसणार का चालत येणार?"

वरच्या छोट्या पार्किंगमध्ये गाडी लावून आम्ही पायी निघालो. थोड्याच वेळात झाडं संपली आणि समोर सगळं काळं पसरलं. काळे उतार, पायाखाली करकरणारे खडे, आणि काळ्याच्या पलीकडे एकदम समुद्र. वारा एवढा, की दशमीवरची लसणाची चटणी उडत होती. बायकोने पुण्याला बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. पण वाळवंटातून नव्हे. त्यासाठी ती आम्हाला चटणी-दशमीसकट तिथेच सोडून परत पार्किंगपर्यंत गेली. तिला आधी गाडी दाखवायची होती, मग खालची वाट, आणि मग वेळ उरला तर वाळवंट.

उरलेला किनारा तिने एका दमात चालवला. गाणं परत सुरू झालं होतं. मी खड्ड्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. दोनदा काढलं.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत ग्रुपवर विचारणा आली, की काय, कसा आहे रस्ता, आम्हीही जायचं म्हणतोय. मी मोठा मजकूर लिहिला. चरांची खोली, मातीचा प्रकार, वळणांची अडचण, सतरंजीची गरज पडली नाही वगैरे. पाठवण्याआधी बायकोला वाचून दाखवला. ती चटईवर पाय पसरून चहा पीत होती. परवान्याचं कार्ड शेजारी ठेवलेलं होतं, कशासाठी कोण जाणे.

"एवढं कशाला?" ती म्हणाली. "लिही, रस्ता चांगला आहे. मधेच एक गृहस्थ छत्री घेऊन उभे असतात, हॉर्न दिला की बाजूला होतात."