नेहमीसारखं खा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दवाखाना ज्याच्या हाती दिला त्या मुलालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत माझ्यात आजही नाही.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत माझा दवाखाना होता. सकाळी रुग्ण, दुपारी संशोधन. संशोधन कशासाठी? लोकांच्या भल्यासाठी, असं मी सांगत असे. खरं म्हणजे माझे वर्गमित्र मुंबईच्या कॉलेजांत प्राध्यापक झाले होते, त्यांचे लेख छापून येत होते, आणि मी इथे खोकल्याच्या बाटल्या भरत बसलो होतो. जळायचो मी. सरळच सांगतो — जळायचो.

विषय दाराशीच होता: खारवलेली मासळी आणि रक्तदाब. रक्तदाबाच्या रुग्णांचे दोन गट केले. गोळी दोन्हीकडे सारखीच. एका गटाला खारी मासळी बंद. दुसऱ्याला सांगायचं, नेहमीसारखं खा.

द्वारकाबाई या दुसऱ्या गटात होत्या. खाडीपलीकडच्या, मासे विकणाऱ्या, साठीच्या आसपासच्या. मला 'डॉक्टरांनू' म्हणायच्या. दर खेपेला पदराखालून काहीतरी काढून टेबलावर ठेवायच्या — कधी कोकमं, कधी फणसाची साठं. मी नको नको म्हणायचो आणि घ्यायचो.

आता, आपल्याकडे डॉक्टर खाण्याबद्दल जे बोलेल ते पथ्य होतं. 'पथ्य काय?' हे विचारल्याशिवाय कुणी दवाखान्याची पायरी उतरत नाही. मी बाईंना म्हणालो, नेहमीसारखं खा, खारा बांगडा सोडू नका. मला म्हणायचं होतं, खाण्यात बदल करू नका. त्यांनी ऐकलं — गोळीबरोबर खारा बांगडा घ्यायचा.

थोड्याच खेपांत, गोळी चालू असूनही, त्यांचा रक्तदाब चढू लागला. मी विचारलं, बांगडा किती खाता? बाई खुशीत होत्या.

"सकाळ-संध्याकाळ खातंय, डॉक्टरांनू. सोमवार मोडला, पण पथ्य न्हाय चुकवला."

सोमवारी त्या मासळी तोंडाला लावत नसत. लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. तो त्यांनी माझ्या शब्दासाठी मोडला होता.

मला कळलं नाही असं वाटतं का तुम्हाला? त्याच क्षणी कळलं. एक वाक्य पुरे होतं — बाई, बांगडा बंद. रक्तदाब फार चढला तर माणसाला गटातून काढायचं, हा नियमही माझाच. पण त्या गटातली बरीच माणसं यायची थांबली होती, आणि खाऱ्या मासळीनं रक्तदाब चढतो हे दाखवायला बाईंचा चढता पारा मला — हवा होता. हो, हवा होता. तो वर जाताना बघून मला आनंद झाला. मी म्हणालो, छान, असंच चालू ठेवा. तोच रक्तदाब पुढे लेखात छापला, मुंबईत वाचून दाखवला. वर्गमित्रांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या घेतल्या.

पण टाळ्या नंतरच्या. त्याआधी, महिन्याभरातच, बाईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा मुंबईला गोदीत असलेला मुलगा येऊन बसला होता. औषध चालू असताना असं कसं झालं, एवढंच त्यानं विचारलं. साधा प्रश्न. माझ्यावर संशयसुद्धा नव्हता त्यात. खरं सांगायला याहून सोपी वेळ कुठली येणार होती?

मी म्हणालो, "पथ्य पाळलं नसणार."

सुनेला ते लगेच पटलं. रोज दोन्ही वेळा बांगडा भाजायला लावायच्या, म्हणाली, आणि नको म्हटलं की डॉक्टरांचं नाव पुढे करायच्या. मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली, एखाद्या हट्टी पोराबद्दल हलवावी तशी. मग तो खाटेकडे वळला.

"आये, जिभेपायी डॉक्टरांच्या नावावर खोटा बोललीस?"

बाईंना ऐकू सगळं येत होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता या डोळ्यांत राग येईल — आणि खरंच, तो यावा असं मला वाटत होतं. पण आपलंच ऐकण्यात काही चुकलं, असं त्यांनी ठरवून टाकलं असावं. त्यांनी डावा हात उचलला. देवापुढे मारून घेतात तसं आधी एका गालावर हळूच मारून घेतलं, मग दुसऱ्या गालावर. नजर माझ्यावरच होती.

मी पुढे झालो. त्यांचा तो हात धरून खाली ठेवला आणि म्हणालो, "असू दे, बाई."

मुलासमोर, सुनेसमोर, मी त्यांना माफ केलं.