एनोका कोचचा उजवा खांदा

एनोका कोचचा उजवा खांदा अख्ख्या गावाला ठाऊक होता. पाऊस यायचा असला की तो दुखायचा, आणि पॅसिफिकमधल्या आमच्या तुतुइला बेटावर पाऊस रोजच येतो, म्हणून तो रोजच दुखायचा. चर्चमध्ये भजनाचं पुस्तक कोच डाव्या हातात धरायचा. घरी नारळ खवायची वेळ आली की खांदा धरून बाहेर जाऊन बसायचा. मॅचमध्ये पंचाकडे जरा वेळ मागायचा तर दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकावर दुसरा आडवा धरावा लागतो, ते कामही सहायक कोचकडे दिलेलं होतं. कोचचा हात वर जात नाही, हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

आता खरं सांगायचं तर त्या खांद्याला काडीचंही काही झालेलं नव्हतं.

एनोका एके काळी तिकडे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पैसे घेऊन फुटबॉल खेळायचा. आमचा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू छातीशी धरून, आडवा येईल त्याला लोळवत पळायचं. आमच्या बेटावर पोर जन्माला आलं की म्हातारे आधी त्याच्या पोटऱ्या दाबून बघतात. एनोकाला बड्या संघाने घेतलं तेव्हा गावाने डुकरं भाजली, पाद्रीबाबांनी नेहमीपेक्षा दुप्पट लांब प्रार्थना केली आणि त्याची आई महिनाभर जमिनीवरून चार बोटं वर चालत होती.

पण एनोका पळणाऱ्यांतला नव्हता आणि लोळवणाऱ्यांतलाही नव्हता. तो होता स्नॅपर. संघाला चेंडूला लाथ मारायची असली की तेवढ्यापुरतं त्याला बाकावरून उठवायचे. त्याने ओणवं व्हायचं, दोन पायांच्या फटीतून चेंडू मागे फेकायचा आणि परत बाकावर जाऊन बसायचं. हे तो स्वतःच रंगवून सांगायचा. "मोठमोठे खेळाडू बघितलेत मी जवळून," तो पोरांना म्हणायचा, "पण सगळे उलटे. आज रस्त्यात भेटले तर ओळखायला मला ओणवंच व्हावं लागेल." पोरं खिदळायची. स्वतःची टर उडवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. फक्त खांद्याचा विषय निघाला की गडी एकदम गंभीर व्हायचा.

कारण खांद्याच्या आड एक मॅच लपलेली होती.

तिकडे रात्र होती, इकडे भर दुपार. शेवटची लाथ होती. ती दोन खांबांमधून गेली की मॅच खिशात. एनोका ओणवा झाला, चेंडूवर हात ठेवले, मागे फेकायला हात निघालेसुद्धा. आणि तेवढ्यात गॅलरीतल्या कुण्या हौशी माणसाने घरून आणलेला लोखंडी तवा बडवला. ठण, ठण, ठण.

आमच्या गावात नीरफणसाच्या झाडाला गॅसची रिकामी टाकी टांगलेली आहे. रोज संध्याकाळी ती गजाने बडवतात आणि घरोघर प्रार्थना सुरू होते. तो आवाज आला की ज्याच्या हातात जे असेल ते तो ठेवून देतो आणि मान खाली घालतो. गाड्या जागच्या जागी थांबतात. थांबल्या नाहीत तर काठ्या घेऊन उभी असलेली गावातली तरणी पोरं थांबवतात. एनोका हे ऐकतच मोठा झाला. टाकी वाजली की हातातलं सोडायचं, हे त्याच्या बोटांना इतकं मुरलेलं होतं की बोटं त्याला विचारायच्या भानगडीत पडत नसत.

त्या रात्रीही पडली नाहीत. बोटं सुटली, मान आणखी खाली गेली आणि चेंडू लाथ मारणाऱ्याच्या डोक्यावरून पार मागे उडाला. विरुद्ध संघाने उचलला आणि पळत सुटला.

"हात आहेत की केळी?" तिथला कोच सगळ्यांसमोर ओरडला. आठवड्याच्या आत एनोकाला नारळ मिळाला. तव्याच्या आवाजाने मी प्रार्थनेला थांबलो, हे तो सांगणार कुणाला? तिकडे सांगावं तर वेड्यात काढतील. इकडे सांगावं तर दुपारी कसली प्रार्थना म्हणून हसतील. विमानात बसल्या बसल्या त्याने खांदा शोधून काढला. विमानतळावर आई हार घालायला पुढे आली तेव्हा तो पहिल्यांदा कळवळला, आणि मग कळवळतच राहिला.

शाळेने त्याला कोच केलं. फुआतिनो आजीने त्याचा खांदा हातात घेतला. गावाची हाडं, शिरा, लचकलेले पाय, सगळं तीच चोळायची. दर सोमवारी एनोका दुकानातला खारवलेल्या बीफचा डबा काखेत मारून तिच्याकडे जायचा. आजी चटईवर बसून नारळाचं तेल जिरवायची आणि गावाच्या उचापती सांगायची. चांगली पंधरा-सोळा वर्षं हे चाललं. एकदा तर बोलण्याच्या नादात त्याने डावा खांदा पुढे केला. आजीने तोच चोळला. घरी पोहोचल्यावर एनोकाच्या लक्षात आलं आणि दोन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. पण आजी काही बोलली नाही, तेव्हा म्हातारीची नजर गेली असेल अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

याच आजीचा नातू फिलेमोनी, एनोकाच्या संघाचा स्नॅपर. आईबाप तिकडे कामाला, पोरगं आजीजवळ. अंगाने दार अडेल एवढा आणि स्वभावाने कोकरू. एनोकाने त्याला स्वतः घडवला होता. इतका सरळ चेंडू फेकणारा पोरगा बेटावर दुसरा नव्हता, आणि हे एनोका ज्याला त्याला ऐकवायचा.

तर झालं काय, उपांत्य मॅचच्या दिवशी पाहुण्यांची बस वाटेत बंद पडली. खेळ उशिरा सुरू झाला आणि लांबत लांबत संध्याकाळ झाली. मैदान गावाच्या वेशीबाहेर, तिथे प्रार्थनेला थांबायची सक्ती नाही, म्हणून पंचांनी खेळ चालू ठेवला. आमचा संघ पुढे होता. चेंडू लांब लाथाडून द्यायचा आणि घरी जायचं, एवढंच उरलं होतं. फिलेमोनी ओणवा झाला आणि गावात टाकी वाजली.

बाकी सगळ्यांना चेंडू उडालेला दिसला. एनोकाला पोराची मान खाली गेलेली दिसली आणि बोटं सुटलेली दिसली. अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? पोराला जवळ घ्यावं. एनोकाने काय केलं? तो सगळ्या गावासमोर ओरडला, "हात आहेत की केळी?"

तोंडातून गेल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. मॅच आम्ही कशीबशी जिंकलो, अंतिम सामन्यात गेलो, पण फिलेमोनी सोमवारी सरावाला आला नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मासळीच्या कारखान्यात जातो म्हणतोय, अशी बातमी आली. एनोकाला त्या आठवड्यात स्वतःची एवढी लाज वाटली की सोमवारी तो आजीकडे फिरकला नाही आणि आरशात बघून दाढी करणंही त्याने सोडलं. ज्या वाक्याने त्याचं वाटोळं केलं, तेच त्याने जपून ठेवून नेमकं या पोराला द्यावं? शनिवारच्या सामन्याला दुसरा कुणी स्नॅपर मिळाला असता. हे पोर मात्र जन्मभर मान खाली घालून फिरलं असतं, आणि ते कसं असतं हे एनोकाइतकं कुणाला ठाऊक होतं?

गुरुवारी तो डबा घेऊन आजीकडे गेला. एक नाही, दोन डबे. दाराशीच मांडी घालून बसला. उभ्याने बोलण्याची ही वेळ नव्हती. आजी चटई विणत होती. मधल्या पडद्याखाली फिलेमोनीचे जहाजाएवढे पाय दिसत होते.

"आज सोमवार नाही," आजी म्हणाली.

"माफी मागायला आलोय, आजी. पोराला मी नको ते बोललो."

"ते ऐकलं सगळ्या बेटाने. इकडे सरक, तेल गरम आहे."

"आज खांदा राहू दे, आजी."

"का? बरा झाला?"

एनोकाने डोळे मिटले आणि जे विमानातल्या विमानात गिळलं होतं ते बाहेर काढायला लागला. "आजी, त्या खांद्याचं असं आहे की..."

"कुठल्या? डाव्या की उजव्या?"

एनोकाने डोळे उघडले. आजी विणतच होती.

"पहिल्याच दिवशी कळलं मला," ती म्हणाली. "बैलाचा खांदा आहे तुझा. काही झालं नाही त्याला."

"मग इतकी वर्षं चोळत का होतीस?"

"तू येत होतास. घरी आलेल्याला काय, जा म्हणू? आणि डबा आणत होतास." तिने एक पट्टी दातांनी तोडली. "खोटं बोलणारा माणूस आठवड्यातून एकदा तरी निवांत पडावा, म्हटलं."

"म्हणजे तुला ठाऊक आहे? ती मॅच?"

"सगळ्या गावाला ठाऊक आहे, बाबा. पाद्रीबाबांच्या घरी टीव्ही होता, मुंगीला शिरायला जागा नव्हती. तुझी आई पुढे बसलेली. तू ओणवा झालास, आणि ठण, ठण, ठण."

एनोकाने मान खाली घातली.

"आणि आम्ही सगळ्यांनीही तेच केलं," आजी म्हणाली. "हे असंच, तुझ्यासारखं. भर दुपारी. पाद्रीबाबांनीसुद्धा. एक पोरगं चुळबुळ करायला लागलं तर तुझ्या आईने त्याला चापट मारली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की अरे, ही आपली टाकी नव्हे. माना वर केल्या तर तिकडचे लोक चेंडू घेऊन पळतायत आणि तू मैदानात उभा. तुझा चेंडू चुकलेला आमच्यापैकी कुणी पाहिलाच नाही रे, एनोका. आम्ही प्रार्थनेत होतो."

एनोकाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला त्याने उजवा हात उचलला, अगदी कपाळापर्यंत. लक्षात आल्यावर तो तसाच अडकून बसला.

"पूस, पूस," आजी म्हणाली. "घरचेच आहोत."

"तुझी आई तर मिरवायची," ती पुढे म्हणाली. "एवढ्या माणसांत माझा पोरगा थांबला म्हणून. तू खांदा धरून उतरलास तेव्हा तिनेच सगळ्यांना दटावलं. त्याला खांदा हवाय ना, असू दे म्हणाली. तेव्हापासून आम्ही तुझा खांदा सांभाळतोय. सोपं नाही ते. गेल्या वर्षी तू चर्चच्या छपरावर पत्रे चढवत होतास, तेव्हा आम्हा सगळ्यांना दुसरीकडे बघावं लागलं."

पडद्यामागून फुस्स आवाज आला. मग पडदा हलला आणि फिलेमोनीचं तोंड बाहेर आलं. हसू दाबून ते लाल झालं होतं.

"कोच, म्हणजे तुम्हीपण?"

"मीपण. तू निदान आपल्या टाकीला थांबलास. मी अंडी तळायच्या तव्याला."

फिलेमोनी हसत हसत खाली बसला. मग हसू ओसरलं. "पण शनिवारी परत वाजली तर? माझे हात ऐकणार नाहीत, कोच."

"मग नको ऐकू देत," एनोका म्हणाला. "तू मान खाली घाल. पुढचं मी बघतो." काय बघणार होता, ते त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं.

शनिवारी बस वेळेवर आली, पण मग तालुक्याएवढी भाषणं झाली. संध्याकाळ पुन्हा आलीच. आम्ही एका गुणाने मागे, शेवटची लाथ, फिलेमोनी ओणवा. गावातल्या टाकीवर पहिला टोला पडला.

एनोका सहायकाकडे वळलाच नाही. मैदानाच्या रेषेवर धावत गेला आणि त्याने दोन्ही हात सरळ डोक्यावर नेऊन एकावर दुसरा आडवा धरला. उजवा हात ताठ, कोपरापासून बोटांपर्यंत. पंचाने शिट्टी दिली. खेळ थांबला. फिलेमोनीने चेंडू गवतावर ठेवला आणि मान खाली घातली. पाहुण्यांच्या पोरांनीही घातली, कारण त्यांच्याही गावात टाक्या आहेत. सगळं मैदान मुकाट झालं. फक्त एनोकाचे हात तेवढे वर होते, ते खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही.

प्रार्थना संपली. फिलेमोनीने चेंडू फेकला, सूत धरावं इतका सरळ. लाथही बसली. चेंडू खांबाला आपटला आणि बाहेर गेला. आम्ही हरलो. त्यात स्नॅपरचा दोष नाही, हे फिलेमोनी रात्री जेवेपर्यंत भेटेल त्याला सांगत होता.

गॅलरीत मात्र हरल्याचं कुणाला काही नव्हतं. सगळे कोचच्या हाताकडे बघत होते. एवढी वर्षं ज्याच्यासाठी इकडेतिकडे बघायची सवय केली, तो खांदा आता उघड बघावा की नाही, ते कुणाला कळेना. शेवटी फुआतिनो आजी उठून उभी राहिली.

"बघताय काय?" ती मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी बोलली. "सोळा वर्षं तेल जिरवलं, तेव्हा कुठे उठला."

आणि गावाने टाळ्या वाजवल्या. तेलासाठी, खांद्यासाठी, कशासाठी ते ज्याचं त्याला ठाऊक.

सोमवारी एनोका डबा काखेत मारून आजीच्या दारात हजर झाला. आजीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आता काय दुखतंय?"

एनोकाने थोडा विचार केला.

"डावा," तो म्हणाला.

आजीने चटई झटकली आणि तेलाची बाटली उघडली.