कादित म्हणजे पडतं

हनीफ सरांचे वडील नांदेडला पुस्तकांना जिल्द बांधायचे. एका पाद्र्यानं बांधायला दिलेलं लॅटिन व्याकरण न्यायला कुणी आलंच नाही, आणि शाळकरी हनीफनं ते पाठ केलं. पुढं ते किल्लारीजवळच्या एका गावात विज्ञान शिकवायला लागले.

ब्याण्णवच्या पावसाळ्यात तिथली जमीन गुरगुरायला लागली. मुलं विचारायची, "सर, काय हाय हे?"

"काही न्हाई होत. बसा."

पुढच्या वर्षी गणपती विसर्जनाला सर नांदेडला आले आणि ती रात्र सरता सरता, पहाटे भूकंप झाला. दुपारी ते गावात पोहोचले. वर्गातल्या बत्तीस मुलांपैकी नऊ जिवंत भेटली. 'काही होत नाही' हे शब्द त्यांनी पुन्हा कधी उच्चारले नाहीत.

दहा-बारा वर्षांनी लातूरला क्लासेसचं पेव फुटलं. साहेबरावांच्या क्लासमध्ये सर जीवशास्त्र शिकवू लागले. तिसरा मजला, दोनशे मुलं. एका सकाळी 'डेसिड्युअस', म्हणजे पानझडी, हा शब्द आला. सरांनी त्याचं लॅटिन मूळ फळ्यावर लिहिलं.

"कादो, मी पडतो. कादिस, तू पडतोस. कादित म्हणजे तो पडतो, ती पडते, ते पडतं. नुसतं क्रियापद पुरतं, कोण पडतं ते सांगावं लागत नाही. रणात पडणं, मरणं, हाही अर्थ होतो. 'अ‍ॅक्सिडेंट' यातूनच आला."

मुलं सरांच्या मागून एका सुरात म्हणू लागली, "कादिमुस, आम्ही पडतो. कादितिस, तुम्ही पडता. कादुंत, ते पडतात."

खांबाला लागून बसलेली मुरुडची पुनम म्हणाली, "सर, खांब कुरकुर करायलाय."

सरांनी खांबावरचं पोस्टर उचललं. मागं बोट जाईल एवढी भेग होती. त्यांनी खडू ठेवला. "दप्तरं राहू द्या. एकेका ओळीनं खाली उतरा. पळू नका."

रस्त्यावर साहेबराव धावत आले. "प्लास्टरची भेग हाय, सर. माझा क्लास बुडवायलात तुम्ही."

"इंजिनिअरला दाखवा, मग मुलं वर चढतील."

"कालच दाखवलंय." कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

इमारत पडली नाही. संध्याकाळपर्यंत खांब लिंपून, रंगवून झाला. दुसऱ्या दिवशी मुलं वर गेली, फळ्यापाशी दुसरे सर होते. इमारत तपासा म्हणून हनीफ सरांनी नगरपालिकेकडे तीन अर्ज केले, एकाचंही उत्तर आलं नाही. लोक म्हणाले, भूकंपानं डोक्यावर परिणाम झालाय. ते नांदेडला परतले आणि घरीच चार मुलींना शिकवू लागले.

सहा वर्षांनी पुनमचा फोन आला. ती आता डॉक्टरकी शिकत होती. "सर, बाबांनी धाकटीचं नाव त्याच क्लासमध्ये घातलंय. रिझल्ट लई चांगला लागतो म्हणतात."

"कितव्या मजल्यावर बसते?"

"पाचव्या."

सरांनी क्लास सोडला तेव्हा इमारतीला तीनच मजले होते.

"आज तिला जाऊ देऊ नको," ते म्हणाले. मग बायकोला, सबिहाला सांगून ते लातूरच्या एसटीत बसले.