हळदीच्या हातांचा पेपर

पूनम किंचाळली तेव्हा मी पाण्याची कळशी घेऊन वर्गाच्या दारात होते. तिच्या उत्तरपत्रिकेवर लालभडक डाग पसरले होते. मला वाटलं, पोरीनं हात कापून घेतला. 

मी शाळेत खिचडी शिजवते. दहावीच्या परीक्षेत मला दुसरं काम देतात. मुलांना पाणी द्यायचं, आणि एखाद्या पोरीला मधेच बाहेर जायचं असलं तर तिच्यासोबत जायचं. बाहेर कुठं चिठ्ठी लपवलेली नसावी, म्हणून बाईमाणूस लागतं. वर्गावरचे शिक्षक दुसऱ्या शाळेतून येतात. त्या दिवशी शेख सर होते.

पेपर बीजगणिताचा होता. पूनम मागच्या वर्षी ह्याच विषयात राहिली होती. ह्या वेळी पास झाली तरच वसमतला अकरावीला, नाहीतर शाळा पुरे, असं तिच्या बापानं सांगून टाकलं होतं.

परीक्षा येते तीच आमच्याकडे हळद शिजवायच्या दिवसांत. घरोघरी सगळ्यांचे हात पिवळे. पूनमही सकाळी हळद पसरवूनच आली होती. सुरुवातीला शेख सरांनी सूचना वाचली, उत्तरपत्रिकेवर ओळखीची खूण करायची नाही. म्हणजे तपासणाऱ्याला पेपर कोणाचा ते कळेल असं काही नको. ते तिच्या डोक्यात बसलं. घामेजल्या बोटांचे पिवळे ठसे पानावर पडले आणि ती घाबरली. बाहेर जायचंय म्हणाली. मी सोबत गेले.

नळावर तिनं साबण घेतला आणि हात घासत सुटली.

"काहून एवढं घासून राहिली गं?"

"मावशी, पानावर डाग पडले. सर म्हणतील खूण केली."

"अगं, सगळ्याच लेकरांचे हात तसे हायेत."

तिनं ऐकलं नाही. रुमालालाही साबण लावला. वर्गात गेली आणि त्याच ओल्या रुमालानं पानावरचे डाग पुसायला लागली.

हळदीला साबण लागला की ती लाल होते. आम्ही कपड्यांवर हे रोज बघतो. पण त्या भीतीत ना तिला सुचलं, ना मला.

शेख सर धावत आले. "कापलं का बेटा? हात दाखव."

"न्हाई सर, हळद हाय."

सरांनी सुस्कारा सोडला. "अरे बाबा! जीवच गेला असता माझा. लिही आता."

तेवढ्यात भरारी पथक आलं. अचानक येऊन कॉपी पकडणारे अधिकारी, त्यांना असं म्हणतात. पुढं एक मॅडम होत्या. त्यांनी पान उचललं.

"हे लाल काय आहे?"

"हळद आहे मॅडम, साबण लागला," सर म्हणाले.

"ते मला दिसतंय. मीही ह्याच जिल्ह्यातली आहे. पण ही खूण झाली. असाच पेपर पुढं गेला तर उद्या मला जाब विचारतील."

"मग करायचं काय?"

"मी रिपोर्ट करते, म्हणजे हिचा निकाल थांबेल. नाहीतर ही उत्तरपत्रिका रद्द करा. नवी द्या. सगळं पहिल्यापासून लिहू दे."

पूनमचा पेपर संपत आला होता. वेळही संपत आला होता.

"मॅडम, माझंच बघून उतरवू का?" तिनं विचारलं.

"रद्द झालेली उत्तरपत्रिका समोर ठेवता येत नाही."

 तिनेच सोडवलेली गणितं, आणि तिलाच बघायला मनाई.

मी पदरानं तिचे हात कोरडे केले. शेख सरांनी मला पिटाळून खिचडीच्या खोलीतून स्वच्छ प्लास्टिकची पिशवी मागवली. ती डाव्या हातात घालून पोरीनं कागद धरला. उजव्या हाताखाली प्रश्नपत्रिका ठेवली. खाली मान घालून ती लिहीत राहिली. मध्ये एकदा नाक पुसायचं होतं, तर खांद्याला पुसलं. घंटा झाली तेव्हा तिची बरीच गणितं राहिली होती.

निकाल लागला. पूनम काठावर पास झाली. घरी आनंद झाला. पण तिला विज्ञानाला जायचं होतं, ते एवढ्या मार्कांवर मिळालं नाही. वसमतला कला शाखेत नाव घातलं.

पुढं शेख सर आमच्या शाळेत एका कामासाठी आले. चहा घेता घेता म्हणाले, "मावशी, मी परीक्षेच्या मीटिंगमध्ये त्या डागाचा विषय काढला होता. तिथले साहेब हसले. म्हणाले, हळदीचा डाग ना? वर्गावरच्या शिक्षकानं शेजारी शेरा लिहून सही करायची. नवी उत्तरपत्रिका कशाला दिली?"

मी चुलीजवळ खालीच बसले.  सर कपाकडे बघत होते.

सुट्टीत पूनम आली तेव्हा मी तिला हे सांगितलं.  ती म्हणाली, "मावशी, बाबाला नका सांगू. ते त्या मॅडमला शोधत फिरतील."

मी सांगितलं नाही. मॅडम काही वाईट नव्हत्या. आमच्याइतक्याच भ्यालेल्या होत्या. आणि भ्यालेल्या माणसाला नियम विचारला, की जो सगळ्यात कडक असेल तोच तो सांगतो.